सातपुड्याच्या वाटेवरील जैन शिदोरी

कार्तिक पौर्णिमा उलटली की नंदुरबार शहराच्या भोवती मिरचीच्या पथारी दिसू लागतात. मोकळ्या मैदानावर ओली लाल मिरची अंथरलेली असते आणि उन्हात दिवसेंदिवस ती आक्रसत जाते. उत्तरेस तापी ओलांडून सातपुड्यात शिरावे, तर उन्हाळ्यात धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कैरीच्या फोडी आमचुरासाठी वाळत पडलेल्या असतात. गावोगावच्या गच्च्यांवर त्याच दिवसांत ज्वारीचे बिबडे पसरलेले असतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा नकाशावर नवा असला, तरी अन्न टिकविण्याची त्याची विद्या फार जुनी आहे. पदार्थातील पाणी काढून घ्यावे, एवढेच तिचे सूत्र.

याच पौर्णिमेला चातुर्मासाची समाप्ती होते. साधुसाध्वी भगवंतांचे विहार पुन्हा सुरू होतात आणि घराघरांतील तरुण मंडळीही पाठीवर पिशवी अडकवून डोंगराची वाट धरतात. तोरणमाळचे पठार, यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी, अस्तंभ्याचे शिखर हे सारे नंदुरबार-शहाद्याच्या मुलांना लहानपणापासून क्षितिजावर दिसत असते. अस्तंभ्यावर दिवाळीच्या दिवसांत आदिवासी भाविकांची मोठी पायी यात्रा भरते. जैन तरुण मात्र बहुधा चातुर्मास संपल्यावर, मार्गशीर्ष-पौषात, दोनतीन मुक्कामांचे पदभ्रमण आखतात. तेथे भोजनशाळा नाही, शीतकपाट नाही. पाठीवर जे असेल तेच खायचे.

येथे घरोघर एक प्रश्न उभा राहतो. न शिजवता खाता येईल असे कच्चे अन्न बरोबर न्यावे, म्हणजे शेगडी-भांड्यांचे ओझे वाचते, असा हल्लीच्या पदभ्रमण करणाऱ्यांचा आवडता सल्ला असतो. पण त्या सल्ल्याबरोबर येणारी यादी पाहिली, तर तिच्यात गाजर, मुळा आणि बीट हे कंदमूळ, पिशवीतच ओल्या फडक्यात मोड आणायचे मूग-मटकी, मध घालून केलेल्या वड्या, सुके अंजीर, आणि कांदा-लसणाची पूड मिसळलेले तयार मसाले, एवढेच मुख्यत्वे असते. श्रावकाच्या घरात यातील एकही वस्तू सहज शिरत नाही. मग काही मुले "प्रवासात चालते" असे म्हणून नियम बाजूला ठेवतात, तर काही नियमासाठी सहलच सोडून देतात. दोन्ही गोष्टी खेदाच्या आहेत, कारण ज्या शिदोरीने या मुलांचे पणजोबा बैलगाडीतून आणि पुढे तापी खोऱ्यातील आगगाडीने दूरदूरच्या तीर्थांना जाऊन आले, ती शिदोरी शीतकपाट नसलेल्या काळातच घडली होती.

ओलावा आणि रात्र

जैन स्वयंपाकघरातील वासी, म्हणजे शिळ्या अन्नाचा नियम दोन गोष्टींवर उभा आहे: पदार्थात पाण्याचा अंश आहे काय, आणि त्यावरून रात्र गेली काय. भात, वरण, भाजी, पोळी, भाकरी यांत पाण्याचा अंश राहतो. रात्र उलटली की ते अभक्ष्य. कडक भाजलेला खाखरा, तुपात भाजलेल्या कणकेत केवळ गूळ घालून केलेली सुखडी, फुटाणे, चुरमुरे यांत तो अंश जवळजवळ नसतो. म्हणून ते पुढेही चालतात.

खानदेशातील प्रवासाचा पारंपरिक पदार्थ म्हणजे दशमी. दुधात भिजवलेल्या पिठाची ही पोळी मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही चवीला बरी लागते. गुजराती घरांतील थेपल्याचेही तसेच. पण मऊ राहणे म्हणजेच ओलावा राहणे. त्यामुळे जी घरे वासीचा नियम काटेकोर पाळतात, तेथे दशमी आणि थेपला ही केवळ पहिल्या दिवसाच्या दुपारची शिदोरी. दुसऱ्या सकाळपासून खाखरा. हा भेद अनेक तरुणांना उगाच कीस काढल्यासारखा वाटतो. वस्तुतः तोच खाखरा मुळात पोळीच असतो. तव्यावर दाबून दाबून, मंद आचेवर, तिच्यातील वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत भाजलेली. मधोमध वाकवून पाहिला असता तो लवला, तर अजून पोळी आहे. कडकन तुटला, तर खाखरा झाला. पदभ्रमणासाठी खाखरे करताना हीच परीक्षा प्रत्येकावर करावी, आणि डब्यात भरण्यापूर्वी ते पूर्ण थंड होऊ द्यावेत. गरम खाखरे डब्यात कोंडले की झाकणाला आतून घाम सुटतो आणि जो ओलावा तासभर आचेवर घालवला, तोच परत येतो.

अन्नशास्त्र हीच गोष्ट जलक्रियता या मापाने सांगते. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येईल असे मोकळे पाणी किती आहे, हे त्यात मोजतात. शुद्ध पाण्याचे माप १ धरले, तर ०.८५ च्या खाली रोगकारक जिवाणू सहसा वाढू शकत नाहीत आणि ०.६० च्या खाली बुरशीही वाढत नाही. गूळ हाताला ओलसर लागतो, तरी टिकतो, कारण त्यातील पाणी साखरेने धरून ठेवलेले असते. याउलट शिजवलेला भात ५ ते ६० अंश तापमानाच्या मधल्या पट्ट्यात दोन तासांहून अधिक राहिला, तर धोक्याचा ठरू लागतो. आणि पाठीवरची पिशवी दिवसभर याच पट्ट्यात असते.

ओलाव्याच्या या विचाराचे एक लक्षणीय उदाहरण प्रत्येक जैन घरात आहे. ओले आले वर्ज्य, पण सुंठ चालते; ओली हळद वर्ज्य, पण वाळलेली चालते. पदभ्रमणाला निघताना सुंठ, गूळ आणि तूप यांच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून न्याव्यात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे; पौषातल्या पहाटे तेथे जो गारठा असतो, त्यात अशी एक गोळी चहाची उणीव भासू देत नाही.

मोड आलेल्या कडधान्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण कच्च्या आहाराच्या प्रत्येक यादीत ते अग्रभागी असते. अंकुर फुटतानाच्या अवस्थेत बीज अनंतकाय होते, अशी परंपरेची धारणा असल्याने अनेक घरांत मोड वर्ज्य आहेत. शिवाय रात्रभर भिजविण्याने वासीचाही प्रश्न येतोच. आरोग्याच्या दृष्टीनेही चालत्या पिशवीत मोड आणणे शहाणपणाचे नाही. ऊब, ओल आणि कोंडलेली हवा जशी अंकुराला पोसते, तशीच जिवाणूंनाही पोसते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या संसर्गाने साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तेथे तर शीतकपाटांची आणि तपासणीची काही कमतरता नव्हती.

तिथीची मर्यादा

कोरडा पदार्थ तरी किती दिवस चालावा? श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत मिठाई आणि तत्सम कोरड्या पदार्थांचा काळ ऋतूनुसार ठरलेला आहे. कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपर्यंत ३० दिवस, तेथून आषाढ शुद्ध चतुर्दशीपर्यंत २० दिवस, आणि पुढे कार्तिक शुद्ध चतुर्दशीपर्यंत १५ दिवस. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस अशी सांगितली जाते. आकडे निरनिराळे असले, तरी क्रम एकच आहे: हवेत ओल वाढली की मुदत घटते. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सुखडीतील तूप पातळ होऊन कागदातून झिरपते आणि खवट वास लवकर धरते. हा अनुभव घेतलेल्या गृहिणीला २० आणि ३० दिवसांतील फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही.

फाल्गुन चातुर्मासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे आठ महिने खजूर, खारीक, तीळ आणि पालेभाज्या बंद ठेवण्याचा प्रघातही याच पंचांगात आहे. म्हणजे ज्या चार महिन्यांत डोंगर चढायला हवा अनुकूल असते, नेमक्या त्याच महिन्यांत खजूर आणि तीळ ही पाठीवर न्यायला सर्वांत सोयीची, थोड्या वजनात भरपूर बळ देणारी अन्ने मोकळी असतात. खजुरातील बी काढून, आत नीट पाहून, मग तो तिळात घोळवावा; याहून सोपी वडी नाही. पावसाळ्यात सातपुडा अतिशय सुंदर दिसतो हे खरे आणि त्या दिवसांत तोरणमाळला गर्दीही असते; पण पायाखालची प्रत्येक वीत तेव्हा जीवांनी भरलेली असते आणि पिशवीतील प्रत्येक पदार्थ दमट होत असतो. श्रावकाचे पदभ्रमण हिवाळ्यातच शोभते, हे मत काहींना जुनाट वाटले तरी शिदोरीच्या अंगाने ते पटण्यासारखे आहे.

काळाच्या या मर्यादेला एक पोटनियम आहे आणि डोंगरात तोच अधिक महत्त्वाचा. वर्ण, गंध, रस किंवा स्पर्श बदलला की पदार्थ चलितरस झाला. मग मुदतीचे दिवस शिल्लक असोत वा नसोत. ३० दिवसांची मुदत घरातील कोरड्या फडताळाची आहे. रात्रभर दवात भिजलेल्या पिशवीतील खाखऱ्याला ती लागू होईलच असे नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत हे विशेष पाहावे. कुबट, सुरकुतलेला, काळपट वा हिरवट झाक असलेला दाणा भाजण्यापूर्वीच वेचून काढावा. बुरशीचे विष भाजण्याने पूर्णपणे जात नाही.

कच्चे म्हणजे काय?

जैन परिभाषेत कच्चे आणि शिजलेले यांपेक्षा सचित्त आणि अचित्त हा भेद अधिक मूलभूत आहे. भाजलेले दाणे, फुटाणे, चुरमुरे, सुके खोबरे, पोहे यांना वाटेत चूल लागत नाही. त्या अर्थाने ही न शिजवायची शिदोरी आहे, पण बहुतेक पदार्थांना घरीच अग्नीचा संस्कार झालेला असतो. फळांविषयी सचित्तत्यागी श्रावकांचा प्रघात असा, की पिकलेल्या फळातील बी वेगळे करून दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे गेल्यावर ते घ्यावे. पण चिरलेले फळ फार वेळ ठेवूही नये. म्हणून वाटेत थांबल्याबरोबर फळ सोलून बी काढावे, सामायिकाइतका विसावा घ्यावा आणि मग सर्वांनी ते संपवावे. चढणीवर एवढी विश्रांती पायांनाही हवीच असते.

कोणते फळ न्यावे, हे सालीवरून ठरते. शहादा तालुका पपईसाठी प्रसिद्ध असला, तरी पिकलेली पपई पिशवीत दोन तासांत लगदा होते. ती घरीच खाऊन निघावे. केळी आणि काकडी पहिल्या दिवशीच संपवावीत. मोसंबी आणि संत्री तिसऱ्या दिवसापर्यंत सहज जातात. लिंबू आणि आवळा आठवडाभर. फळ धुऊन भरायचे असेल, तर पूर्ण कोरडे पुसून, प्रत्येक फळ जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात वेगळे गुंडाळावे. एकाला डाग लागला, तर दुसऱ्याला लागू नये. काकडी चविष्ट खरी, पण शंभर ग्रॅम काकडीत सुमारे ९५ ग्रॅम पाणीच असते. एवढे ओझे वाहून जेमतेम १५ उष्मांक मिळतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेंहून अधिक असतात.

या हिशेबाने एका प्रौढ व्यक्तीची एका दिवसाची शिदोरी जुळवून पाहता येते. सव्वाशे ग्रॅम खाखरे, तेवढीच सुखडी, शंभर ग्रॅम भाजलेले दाणे, ऐंशी ग्रॅम गूळ, तेवढेच चुरमुरे किंवा भाजके पोहे, चाळीस ग्रॅम सुके खोबरे आणि एकदोन मोसंबी एवढ्यात सुमारे अडीच हजार उष्मांक होतात. फळे वगळता वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन दिवसांचे पावणेदोन किलोही नाही. चढण अधिक असेल, तर दाणे आणि खजूर वाढवावेत. चवीसाठी घरच्या मिरचीची, जिऱ्याची, आमचुराची कोरडी चटणी असावी. नंदुरबारच्या मुलाला तिच्यावाचून खाखरा जायचा नाही. नवापूरची तूरडाळ कितीही नामांकित असली, तरी ती या यादीत बसत नाही, कारण तिला चूल आणि पाणी दोन्ही हवे. ताकाची पूड नेण्याची टूम हल्ली निघाली आहे. ती नेल्यास फुटाणे-डाळ्यांबरोबर घेऊ नये; कच्च्या गोरसाशी द्विदल धान्य आले की विदलाचा दोष येतो.

भरण्याच्या पद्धतीत एक गोष्ट सांभाळावी. एका मोठ्या डब्यात सारे न कोंबता दिवसवार पुड्या कराव्यात आणि प्रत्येकीवर पदार्थ केल्याची तारीख लिहावी. मोठा डबा दिवसातून पाच वेळा उघडला की पाच वेळा दमट हवा आणि ओला हात आत जातो. मुंग्या लागल्या, तर अन्नही जाते आणि जीवहिंसाही होते. म्हणून गुळाचे पदार्थ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, खाखरे ताठ गोल डब्यात, आणि सांडलेला प्रत्येक कण उचलून घेण्यासाठी एक कोरडे फडके. साली आणि कागद परत आणावेत. जंगलात टाकलेली साल उद्या मुंग्यांची रांग आणि परवा माकडांची सवय होते.

पाणी आणि सूर्यास्त

खरा अडसर अन्नाचा नसून पाण्याचा आहे. गरम पाण्याचा नियम असलेल्यांना एकदा तरी अग्नी लागतोच. उकळलेल्या पाण्याचा काळ पावसाळ्यात ३, हिवाळ्यात ४ आणि उन्हाळ्यात ५ प्रहर मानतात. हिवाळ्यात सकाळी एकदा उकळून थंड केलेले पाणी दिवस मावळेपर्यंत पुरते, म्हणून एक लहान शेगडी सगळ्यांत मिळून न्यावी आणि ती केवळ पाण्यासाठीच वापरावी. उघड्यावर लाकडे पेटवू नयेत. वाळल्या गवतात एक ठिणगी किती जीवांचा घात करील, याचा अंदाज करता येत नाही. झऱ्याचे पाणी आधी दुपदरी जाड गरण्याने गाळावे आणि गरण्यावर राहिलेले जीव त्याच झऱ्याच्या पाण्याने, त्याच झऱ्यात हळुवार परत सोडावेत. गरणे नेणारे अनेक असतात. हा दुसरा भाग मात्र घाईत विसरला जातो.

डिसेंबरात नंदुरबारकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि डोंगराच्या पूर्व उतारावर त्याच्याही आधी अंधारते. चौविहार असेल, तर साडेचारपर्यंत मुक्काम गाठणे, पाचपर्यंत भोजन आटोपणे आणि भरपूर पाणी पिऊन घेणे याला पर्याय नाही. सकाळी नवकारशीचे पच्चक्खाण पारायला पावणेआठ वाजतात. म्हणजे खाण्यापिण्याला जेमतेम दहा तास. त्यातही उन्हाचे चार तास चढणीत जातात. जे गट सकाळी उशिरा निघतात, ते संध्याकाळी घाईने तहान दाबतात आणि रात्री त्यांचे पाय वळतात. तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला पाणी, आणि दुपारी एकदा लिंबू, साखर व मीठ घातलेले पाणी घ्यावे. मूल, गर्भवती, मधुमेही किंवा नुकतीच मोठी तपश्चर्या केलेला यांना असा नेम डोंगरात पाळण्याचा आग्रह करू नये. त्यांच्यासाठी पायथ्याचे गाव पुरेसे आहे. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास क्षारसंजीवनीची पुडी आधी, प्रायश्चित्ताचा विचार गुरुभगवंतांपाशी नंतर.

वर जलक्रियतेची गोष्ट आली, म्हणून एक खुलासा करणे भाग आहे. धर्मनियमांना विज्ञानाचा शिक्का मिळाला की ते खरे ठरले, अशी भाषा अलीकडे फार ऐकू येते. वासीच्या नियमाने पोट सांभाळले जाते हे निश्चित, पण तो नियम पोटासाठी सांगितलेला नाही. ओलाव्यात उत्पन्न होणाऱ्या जीवांच्या रक्षणासाठी सांगितलेला आहे. उद्या एखाद्या कारखान्याने महिनाभर न बिघडणारी मऊ पोळी पाकिटात घालून आणली, तर ती आरोग्याला निर्धोक ठरेलही. त्या दिवशी विज्ञानाचा आधार निघून जाईल आणि प्रश्न पुन्हा श्रावकाच्या स्वतःच्या व्रतापाशी येईल. तशी पाकिटे दुकानांत दिसू लागलीच आहेत. मुलांना नियम शिकविताना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात.

गंमत अशी, की जैन समाजात सर्वाधिक चालणारे जे आहेत, ते शिदोरी बाळगतच नाहीत. साधुसाध्वी रात्री अन्नाचा कणही जवळ ठेवत नाहीत. पहिल्या प्रहरात आणलेला आहार चौथ्या प्रहरात वापरत नाहीत आणि दोन कोसांच्या पलीकडे नेत नाहीत. नवापूरवरून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेने विहार करणाऱ्या साध्वीजींच्या झोळीत दुपारनंतर पात्रांखेरीज काही सापडणार नाही. पाठीवर तीन दिवसांचे अन्न वाहणे ही गृहस्थाची मुभा आहे. ती जितकी मोजून घ्यावी तितके ओझे हलके. सहलीहून परतलेल्या पिशवीतून बहुधा दोन पुड्या खाखरे आणि मूठभर सुखडी निघतेच. ती लगेच फडताळातील डब्यात मिसळू नये. पुडीवरची तारीख पाहावी, एक खाखरा मधोमध वाकवून पाहावा, आणि तो कडकन तुटला, तरच दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीला वाढावा.